उलटं बटण

९ फेब्रुवारी

वहीबाई, आधी माफी मागते. किती महिने तुला उघडलं नाही ते मोजायचीही लाज वाटते. कारणं पुष्कळ देता येतील. ताईचं आजारपण, जुनी नोकरी सुटणं, घर आवरणं, सामान बांधणं. पण खरं सांगायचं तर चांगलं लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि वाईट लिहून ठेवायला मी घाबरते. लिहिलं की ते पक्कं होतं असं उगाच वाटत राहतं. आज चांगलं आहे, म्हणून आले.

नवं गाव, नवी नोकरी. गावाच्या कडेला, उतारावर, छातीच्या रोग्यांचं तीन मजली रुग्णालय आहे. तिथलं संगणकांचं जाळं सांभाळायचं माझ्याकडे आलंय. मी ही नोकरी का धरली ते लपवण्यात अर्थ नाही: नोकरांच्या घरच्या एका माणसाला इथे खाट मिळते. ताईला वरच्या मजल्यावर, अगदी खिडकीजवळची मिळाली. मी तिच्यासाठी नोकरी धरली की तिला पुढे करून स्वतःची सोय बघितली, हा प्रश्न वाटेत गाडीत मला सतावत होता. ताईला विचारलं तर म्हणाली, दोन्ही असेल, त्यात रडण्यासारखं काय आहे.

ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिवणाचं दुकान चालवून कॉलेजात घातलं. त्या दुकानातला कापसाचा भुगा आता तिच्या छातीत बसलाय. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शिट्टी वाजते. मॉनिटरवरच्या रेघेतही ती दिसते. प्रत्येक उतारावर एक छोटी खाच, कात्रीचं टोक लागल्यासारखी.

आल्या आल्या तिने पडद्याची शिवण उलटून बघितली आणि जाहीर केलं की हे ज्याने शिवलं त्याला घरी जायची घाई होती. वरच्या मजल्याच्या मोठ्या सिस्टर हसून हसून लाल झाल्या. मग ताईने माझी ओळख करून दिली. ही माझी इंजिनीअरीणबाई, हिला दिवा गेला असं सांगू नका, ती दिवा लावणार नाही, गेला एवढं मात्र नीट लिहून ठेवेल.

माझी खोली जिन्याखाली. पूर्वी इथे चादरी ठेवत, अजून साबणाचा वास येतो. एक खिडकी, तीन पडदे, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर खिळ्याला सुतळीने टांगलेलं एक जुनं नेटवर्क कार्ड. आधीच्या गृहस्थांनी ठेवलेलं. त्यांना सगळे मामा म्हणत. ते आता मुलीकडे राहायला गेलेत. शोभेला असेल, म्हणून मीही राहू दिलं.

घर चालत जाण्याच्या अंतरावर. दोन खोल्या. एक ताईची, तिला सुट्टी मिळेल तेव्हासाठी. तिचं शिवणयंत्र तिथेच लावलंय, खिडकीकडे तोंड करून, तिला आवडतं तसं.

१२ फेब्रुवारी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन बसले. ताईने विचारलं, दिवसभर त्या कपाटात बसून तू करतेस तरी काय.

मी सांगायला लागले. प्रत्येक खाटेशेजारी श्वास मोजणारा मॉनिटर आहे. त्याच्या पोटात एक कार्ड असतं, तेच जाळ्याशी बोलतं. कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो, जन्मखुणेसारखा, तो दुसऱ्या कुणाचा नसतो. पण जाळ्यात बोलायला पूर्ण पत्ता लागतो, आणि त्याचे दोन अर्धे असतात. पहिला अर्धा म्हणजे गल्ली. आमच्याकडे प्रत्येक मजल्याची गल्ली वेगळी. दुसरा अर्धा म्हणजे त्या गल्लीत राहणारा माणूस. मॉनिटर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेला की पहिला अर्धा बदलतो, दुसरा आहे तसाच राहतो. त्याला मी शेपूट म्हणते. नवी यंत्रं आता शेपूट सारखी बदलत राहतात, कारण तिच्यावरून कोण कुठे कुठे गेलं ते कळतं. आमची जुनी आहेत, त्यांना ही लाज नाही.

ताईला शेपटीत रस वाटला. ती कुठून येते, तिने विचारलं. म्हटलं, त्या जन्मक्रमांकातूनच. तो मधोमध कापायचा, मध्ये एफ-एफ-एफ-ई ही ठरलेली अक्षरं घालायची, आणि आकड्यांच्या पहिल्या जोडीतला एक बारीक बिट, म्हणजे हो-नाहीची खूण, उलटा करायचा. तो बिट सांगतो की क्रमांक कारखान्याचा आहे की कुणी हाताने दिलेला. कारखान्याच्या आमच्या कार्डांवर पहिली जोडी शून्य-शून्य असते, शेपटीत ती शून्य-दोन होते. हाताने दिलेल्यांचं बरोब्बर उलट.

ताई म्हणाली, म्हणजे कापड मधोमध फाडायचं, ठिगळ लावायचं आणि पहिलं बटण उलटं शिवायचं. मी कॉलेजात हेच शिकायला एक अख्खं सत्र घालवलं होतं. बटण उलटं कशाला, तिने विचारलं. म्हटलं, हाताने पत्ते लिहिणाऱ्यांना नुसती शून्यं लिहून भागावं म्हणून. म्हणजे आळशी लोकांनी केलेलं दिसतंय, ती म्हणाली. आणि शेपटीवरून परत कार्डाकडे जाताना ते बटण सरळ करायला विसरलं तर? मी म्हटलं, तर भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभी राहशील.

मग तिला मामांची एक पद्धत सांगितली. एखादं कार्ड गेलं की त्याच्या जागी आलेल्या नव्या कार्डाला ते जुन्याचाच क्रमांक हाताने देत, फक्त तो बिट हाताने दिलेल्याच्या बाजूला वळवून. कोण कुणाच्या जागी आलंय ते एका नजरेत कळावं म्हणून. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं. आणि गंमत म्हणजे ताईच्या मॉनिटरमधलं कार्ड तसंच आहे, माझ्या खिळ्यावर टांगलेल्या कार्डाच्या जागी आलेलं. मी स्टिकर ताडून पाहिला. सगळे आकडे तेच, फक्त पहिली जोडी शून्य-शून्यऐवजी शून्य-दोन.

ताई म्हणाली, म्हणजे मला दुसरेपणावर दिलंस म्हण ना. आणि हसता हसता खोकत बसली. मला वाईट वाटलं, मीच हसवलं होतं.

२१ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं. नीट, क्रमाने लिहिते.

तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. सगळ्यांची अक्षरं सुधारायचे म्हणून त्यांना हेडमास्तर म्हणत. आज सकाळी परिचारिका औषध द्यायला गेली तेव्हा ते गेलेले होते, हात गार पडला होता. आणि टेबलावरच्या पडद्यावर त्यांची श्वासाची रेघ चालू होती.

इथली एक रीत लिहून ठेवायला हवी. खाटेशेजारी आवाज होत नाही. रोग्यांनी दचकू नये म्हणून मॉनिटर मुके ठेवलेत, गजर फक्त परिचारिकांच्या टेबलावर होतो. एका टेबलावरून अख्खा मजला बघता येतो. पडद्यावर हिरवं आहे म्हणजे माणूस ठीक आहे, असं सगळे धरून चालतात. मीही.

व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारलं, पडदा अडकला होता का. मी खाली येऊन नोंदी काढल्या. पडदा अडकलेला नव्हता. पहाटे हेडमास्तरांच्या मॉनिटरची तार सैल झाली होती, तो गप्प झाला होता. गजर व्हायला हवा होता. पण त्या क्षणापासून त्यांच्या खाटेच्या नावाने दुसरंच कुणीतरी श्वास पाठवत होतं. रेघ इतकी सारखी की इस्त्री केल्यासारखी. गल्ली तळमजल्याची. शेपूट आमच्या चालू मॉनिटरांपैकी कुणाचीच नाही.

शेपूट शून्य-दोनने सुरू होत होती, म्हणजे कारखान्याचा क्रमांक. मी कागद घेतला, मधली अक्षरं काढली, बटण सरळ केलं, आणि आलेला क्रमांक वाचत असताना मान वर केली.

खिळ्यावरच्या कार्डाचा स्टिकर समोरच होता.

दोनदा ताडला. खुर्चीवर उभी राहून जवळून ताडला. तार नाही, वीज नाही, सुतळीला लटकलेलं पत्र्याचं आणि प्लॅस्टिकचं एक चिटोरं. तळमजल्यावर ते श्वास घेत होतं.

२२ फेब्रुवारी

झोपून उठल्यावर डोकं ताळ्यावर आलं. क्रमांक हाताने देता येतो. बिट वळवायची सभ्यता मामांनी पाळली, दुसरा कुणी पाळेलच असं नाही. कुणीतरी आपल्या यंत्राला ह्या कार्डाचा क्रमांक जसाच्या तसा चिकटवला असेल. मी व्यवस्थापकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, खोडसाळपणा आहे, शोधून काढा, आणि तोवर बोभाटा नको. रोग्यांना कळलं तर अर्धे भीतीनेच आटोपतील.

मी तळमजला पालथा घातला. प्रत्येक भोक, प्रत्येक तार. उगाच लावलेलं काही सापडलं नाही.

स्वतःला विचारते: कालची भीती खरी होती की मला भ्यायला आवडतं? ताई म्हणते, लहानपणी मी पलंगाखाली वाकून बघायचे आणि काही नसलं की हिरमुसायचे. आज मात्र नाही. आज काही नसतं तर मी पेढे वाटले असते.

२७ फेब्रुवारी

मधला मजला. बँडवाला म्हणून एक जण होता. लग्नांत कर्णा वाजवून फुप्फुसं फाटली, असं स्वतःच सांगायचा. दुपारी, भर उजेडात, शेजारच्या खाटांवर भेटायला आलेली माणसं बसलेली असताना गेला. टेबलावर रेघ हिरवी. इस्त्रीची. परिचारिका माझ्या खोलीत येऊन रडली. सांगत होती, मी बघत होते हो, सबंध वेळ पडद्याकडेच बघत होते.

त्या मजल्यावर दुरुस्तीवाल्याने चुकून एक तार ओढली होती, त्याचा मॉनिटर गप्प झाला होता.

गल्ली मधल्या मजल्याची. शेपूट तीच.

मी परिचारिकांना हात जोडून सांगितलं, पडद्यावर विसंबू नका, पायी फिरा, छाती हलते का डोळ्यांनी बघा. तिन्ही मजल्यांवर सांगितलं. वरच्या मजल्यावर जरा जास्तच वेळा सांगितलं. हे बरोबर केलं का? बहीण तिथे आहे म्हणून. पण बाकीच्यांनाही बहिणी आहेत.

२८ फेब्रुवारी

मामांना फोन केला. आधी फार प्रेमाने बोलले, खिडकीची कडी अजून लागत नाही ना, म्हणून विचारलं. मग मी कार्डाचं बोलले. मागे त्यांच्या नातवंडांचा दंगा ऐकू येत होता.

त्यांनी विचारलं, शेपटीची पहिली जोडी काय. शून्य-दोन, मी सांगितलं. परत बघ, म्हणाले. मी परत बघून तेच सांगितलं.

मग हळू आवाजात सांगितलं त्यांनी. ते कार्ड बिघडलं म्हणून काढलेलं नव्हतं. ते चांगलं चालत होतं. वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर, एक बाई गेल्या. त्यांना नेलं, खाट धुतली, चादर बदलली, आणि मॉनिटर श्वास दाखवत राहिला. मॉनिटर बदलून पाहिला, तारा बदलल्या. शेवटी मामांनी कार्ड उपटून काढलं तेव्हा ते थांबलं. फेकायची छाती झाली नाही, म्हणून डोळ्यांसमोर टांगून ठेवलं. म्हणाले, बाई, त्याला माणूस मारायचा नसतो. त्याला फक्त कुणाची तरी जागा हवी असते. एखादा मॉनिटर गप्प झाला, जागा रिकामी दिसली, की ते तिथे जाऊन बसतं आणि त्याच्या वतीने श्वास घेत राहतं. गजर होऊ देत नाही. बाकीचं आपोआप होतं.

मी विचारलं, मग नव्या कार्डाला त्याचंच नाव का ठेवलंत. ते म्हणाले, सवयीने गं. हात चालले तसं केलं. त्यानंतर मी तिथे नोकरी केली नाही.

वरच्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट.

१ मार्च

दुपार. खिडकी उघडी, ऊन टेबलावर. मी कार्डाकडे बघत नव्हते. बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी उजळत आणि विझत होतं.

कार्डाच्या कोपऱ्यात एक इवलासा हिरवा दिवा असतो, तार जोडली की लागतो. तो लागत होता. चढत होता, उतरत होता. मला वाटलं उन्हाचा खेळ असेल. खिडकी लावली. मग जास्तच स्पष्ट दिसलं. मी नकळत त्याच्या लयीत श्वास घेत होते, हे कळलं तेव्हा किंचाळले.

रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं, घरी आणलं. संस्थेची वस्तू न विचारता घरी आणली, हे चूकच. पण इथल्या रोग्यांच्या छपराखाली ते नको. फोडून टाकावं तर व्यवस्थापक म्हणतात, चौकशी होईपर्यंत हात लावू नका. ताईच्या खोलीत, शिवणयंत्राच्या खणात ठेवलंय, रिळांच्या खाली. घरात कुणी आजारी नाही. इथे त्याला काय मिळणार?

ताईने माझं तोंड बघून विचारलं, कुणाशी भांडलीस. म्हटलं, कुणाशी नाही. ती म्हणाली, मग भांड कुणाशी तरी, चेहरा अगदी उसवलाय तुझा.

३ मार्च

वरचा मजला. आज सकाळी. कार्ड घरी खणात आहे आणि शेपूट वरच्या मजल्याच्या गल्लीत आहे — अजून कुणाच्या जागी बसलेली नाही. नुसती आहे. हाक मारली की ओ देते. मी हाक मारली. लगेच ओ दिली. परत मारली नाही.

ताईला खाली हलवा म्हणून मोठ्या सिस्टरांकडे गेले. खाली जागा नाही. व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही विश्रांती घ्या. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मग एकच उरलं. दार लावणं. प्रत्येक मजल्यावरच्या सगळ्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात त्या स्विचला सांगायचं की ह्या जन्मक्रमांकाचं काहीही आत घ्यायचं नाही. मग ते हाक मारो नाहीतर बोंब मारो, कुणाच्या जागी बसू शकणार नाही. स्विचला शेपूट चालत नाही, कार्डाचा क्रमांक लागतो. कार्ड घरी. म्हणून शेपटीवरूनच केलं. मधली अक्षरं काढली, दोन तुकडे जोडले, लिहून घेतलं. आकडे मोठ्याने वाचून दोनदा ताडले, शेपटीतला एकही सुटला नाही.

स्विचने विचारलं, हा पत्ता सध्या वापरात आहे, खात्री आहे का? मला हसू आलं. वापरात आहे म्हणून तर.

हो म्हटलं. तिन्ही मजल्यांवर.

लगेच वर गेले. मोठ्या सिस्टरांना सांगितलं, दार लागलंय, आता पायी फिरायची गरज नाही, पोरींचे पाय सुजलेत ते मला दिसतंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ताई झोपली होती. तिला उठवलं नाही. तिच्या गादीखालून सुई बाहेर आली होती, ती काढून ठेवली. इथेही काहीतरी शिवत असते, उद्या रागवेन.

४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. खूप दिवसांनी भूक लागली. काल रात्री गाढ झोपले.

तिन्ही मजले हिरवे. सकाळपासून तळमजल्याच्या तारा बदलून घेतेय, त्यामुळे वर जायला झालं नाही. संत्री आणून ठेवलीत, संध्याकाळी घेऊन जाईन. इथूनच ताईची खाट पडद्यावर उघडून पाहिली. किती छान रेघ! ती खाचसुद्धा नाही. एकसारखी, गुळगुळीत. नवं औषध लागू पडलं वाटतं. तिला सांगितलं तर म्हणेल, माझ्यात इस्त्री करण्यासारखं अजून काही

इस्त्री.

५ मार्च

जिन्यात संत्री सांडली. कुणीतरी गोळा करून खिडकीत रांगेने ठेवलीत. मला ती रांग दिसत राहते —

ती कुशीवर होती. तोंड खिडकीकडे. हातात माझ्या ब्लाऊजचा तुकडा, काज करायला घेतलेला. मोठ्या सिस्टर म्हणत होत्या, पडदा ठीक होता, पडदा ठीक होता. मी त्यांना सांगू शकले नाही. पायी फिरू नका असं मीच —

कागद सापडला. माझ्या अक्षरात. पहिली जोडी शून्य-दोन. शेपटीतली जशीच्या तशी उतरवली. बटण सरळ केलं नाही. मधलं ठिगळ काढलं आणि बटण — इतकी वर्षं केलं, ताईलासुद्धा शिकवलं —

कार्डाच्या क्रमांकात शून्य-दोन म्हणजे ते नव्हेच. शून्य-दोन म्हणजे त्याच्या जागी आलेलं. हाताने नाव दिलेलं. ताईचं.

तिचा मॉनिटर मी बंद केला. जागा मी रिकामी केली. ती गुदमरत होती आणि तिचं यंत्र ओरडत होतं आणि त्याच्या तोंडावर मी —

वापरात आहे, खात्री आहे का.

७ मार्च

सगळं झालं. माणसं येऊन गेली. मी कुणालाही सांगितलं नाही. व्यवस्थापकांना सांगणार आहे. आधी दार नीट लावायचं, मग सांगायचं. हा क्रम बरोबर आहे की पळवाट?

खाली जाऊन बसले होते. खरा क्रमांक लिहिला, शून्य-शून्य. बोट कळीवर ठेवलं. मग शेवटचं एकदा पाहू म्हणून तिची खाट उघडली. खाट रिकामी आहे, गादी उन्हात टाकलीय. पडद्यावर रेघ चालू होती.

आता खाच आहे तिला. प्रत्येक उतारावर. कात्रीचं टोक लागल्यासारखी.

ते शिकलं. किंवा ती —

बोट दाबलं गेलं नाही. ती श्वास घेतेय आणि मी परत —

शेजारच्या खाटेवर आज नवीन बाई आल्यात. पंचवीस-तिशीच्या. त्यांची सासू सुनेचे केस विंचरत होती. त्यांच्या मॉनिटरची तार सैल आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. घट्ट केली. पण जुनी आहे.

घरी आले.

संध्याकाळ — घरी

घरच्या जाळ्यात पाहिलं. उगाच. सवयीने. माझा फोन. माझा संगणक. आणि तिसरं. गल्ली माझ्या घराची. शेपूट —

ताईच्या खोलीचं दार लोटलेलं आहे. मी लोटलं नव्हतं. फटीतून हिरवं. चढतं, उतरतं. खण बंद असेल तर उजेड कसा —

शिट्टी. श्वास सोडताना शेवटी. बारीक. अगदी तिचीच.

शिवणयंत्राचं पायडल हललं का —

ताई नाहीये ती. ताई असती तर आधी मला शिव्या घातल्या असत्या. ताई असती तर म्हणाली असती, रडू नकोस, बटण लाव. जागा हवी आहे त्याला फक्त. ह्या घरात श्वास घेणारी मी एकटीच, आणि माझा मॉनिटर कुणी —

माझी छाती त्याच्याबरोबर हलतेय. मी थांबवते आणि ते थांबत नाही.

विसरायच्या आत लिहून ठेवते. कुणीही वाचेल त्याने दार लावावं. दोन नाही. शून्य. तिन्ही मजल्यांवर, रेघेत खाच दिसली तरी, ताई दिसली तरी —

उद्या: बटण सरळ कर